कळवणारा: गोरख

३ डिसेंबर
वारूळवाडीत पोचलो. झकास जागा! उसाच्या मधोमध पंपखोली, खाट, आणि मालक सावळारामभाऊंच्या घरचा डबा. दाराला आतून कडी नाही, बाहेरूनच आहे, पण आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय! काम बिबट्याच्या फलकाचं. कुणाला बिबट्या दिसला की मेसेज करायचा. फलकावर जागा, वेळ आणि कळवणाऱ्याचं नाव उमटतं. त्याचा जुना छोटा कम्प्युटर मेलाय. दुसऱ्या जातीचा आणलाय, त्यावर फलकाचा ड्रायव्हर, म्हणजे फलक चालवणारा प्रोग्राम, चालता करायचा. बारावीनंतर मी कुठेच टिकलो नाही, पण हे जमतं. फलकाचा ई-पेपर पडदा भारी प्रकार आहे राव. वीज तोडली तरी शेवटचं चित्र तसंच राहतं, वर्षानुवर्षं.

४ डिसेंबर
काम टाकून शेजारच्या गोजरबाईंकडे शेंगा खात बसलो. फलक गोरखनं केला, तोही याच खोलीत राहायचा, असं त्या म्हणाल्या. लई गुणाचा व्हता, पण जानेवारीच्या आठ तारखेला बिबट्यानं नेला, दोन वर्सं व्हत आली, चप्पल तेवढी घावली. पाहिलं कुणी? सावळारामनं. तेव्हापासून गोजरबाई स्वतःच्या शेतात, गट नंबर एक्केचाळीसमध्ये, पाऊल टाकत नाहीत. तिथला ऊस आता भाऊच ‘बघतात’.

५ डिसेंबर
फलकावरची धूळ पुसली. गोरखच्या वेळचं चित्र अजून आहे: ‘बिबट्या. पंपखोली. ११ जानेवारी, सकाळी ७:४०. कळवणारा: गोरख.’
आठ तारखेला मेलेला माणूस अकराला कळवतो कसा?
डबा घेऊन आलेल्या भाऊंना विचारलं. हसले. मशीन हाय ती, येडी झाली आसंल, म्हणाले. मग हळूच विचारलं, आणखी कुणाला दावलं का.

७ डिसेंबर
जुन्या कम्प्युटरच्या मेमरी कार्डावरून ड्रायव्हर उतरवला, पिना बदलल्या. तरी अडतंय. फलक ‘काम चालू आहे’ची खूण सोडतच नाही, नवा कम्प्युटर ताटकळतो. कंटाळून कार्डावरचे जुने मेसेज चाळले. एक्केचाळीस गटात बिबट्या दिसल्याचे तेवीस. सगळे एका नंबरावरून. माझ्या मोबाइलात तो नंबर ‘डबा’ नावानं आहे.
म्हणजे तिथे बिबट्या नव्हताच. म्हातारीला उसातून हुसकायचं होतं. गोरखला हे कळलं असणार.
जुनं कार्ड वाचतोय, एवढंच गोजरबाईंना सांगून आलो; नंबर कुणाचा ते नाही.

८ डिसेंबर
भर दुपारी. फलक खाटेवर, एकही वायर जोडलेली नाही. तीनदा काळा-पांढरा झाला.
‘बिबट्या. चारीचा पूल. १२:१०. कळवणारा: गोरख.’
खिडकीतून पाहिलं. पुलावर बिबट्या नाही. सावळारामभाऊ बसलेले. इकडे बघत.

९ डिसेंबर
‘बिबट्या. गोजरबाईंचा गोठा.’
धावलो. भाऊ नुकतेच निघत होते. गोजरबाई कौतुकानं म्हणाल्या, मी सांगितलं त्याला, पोरगं लई हुशार हाय, जुनं कार्ड वाचतंय.
माझंच तोंड! मोबाइल भाऊंच्या घरी चार्जिंगला — मागितला तर म्हणाले, सकाळी देतो.
उद्या आठच्या एसटीनं घोडेगाव. तिथे चुलतभाऊ आहे.

१० डिसेंबर, सकाळ
दार उघडत नाही. कडी बाहेरून. खिडकीला गज. ओरडलो — उसाच्या पल्याड कोण ऐकणार —
दाराच्या आतल्या बाजूला, खाली, ओरखडे. तीन दिवस. आठ ते अकरा जानेवारी. इथेच होता तो —
कार्ड या वहीच्या पुठ्ठ्यात खुपसलंय. गोजरबाई, तुमचा ऊस तुमचाच आहे. तिथे काही नाही. जा तिथे —

‘बिबट्या. बांध. ७:३१.’

‘बिबट्या. हौद. ७:३६.’

पावलं. गोड आवाज. पावणं, आज डबा लवकर आणलाय —

फलक पुन्हा काळा. पांढरा. काळा.
‘बिबट्या. पंपखोली. ७:४०.’
खालची ओळ सावकाश उमटतेय. कळवणारा — गोरख नाही. माझं ना