काळा व्हिडिओ पुसू नकोस

बाळा,

मी मावशीकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय. माझा फोन, तुझा जुना फोन आणि टॅबलेट पिशवीत घालून नेतेय. लॅपटॉप जड, म्हणून नुसती त्याची वायर घेतली. फोटो टीव्हीवरही दिसतात, म्हणून रिमोटही घेतला. फोनवर मावशी म्हणाली, "मग फ्रिज तेवढा कशाला ठेवतेस?"

काल तूच म्हणालास, "आई, क्लाउड भरलाय. उद्या संध्याकाळी नको ते सगळं उडवतो. एकीकडे पुसलं की सगळीकडचं जातं." आणि पहिली खूण केलीस ती त्या काळ्या व्हिडिओवर. म्हणे, यात काहीच दिसत नाही.

दिसणार कसं? तो तुझ्या बाबांच्या खिशातला अंधार आहे. जरा आवाज लावून बघ. "माझा फोन कुणी उचलला?" म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलंय, फोन खिशात चालू आहे आणि बोलणी मी खातेय. ते गेल्यापासून रोज दुपारी मी तीच बोलणी पुन्हा खाते.

तुझा फोन मात्र तुझ्याजवळ, तिथे माझं काही चालत नाही. म्हणून ही चिठ्ठी.

बाकी काय हवं ते उडव. माझ्या वाढदिवसाचे फोटो तर आधी काढ, त्यात मी पिंपासारखी दिसते.

व्हिडिओच्या शेवटी ते थकून तुला हाक मारतात. तू आतून "आलो, आलो" म्हणतोस आणि काही येत नाहीस. तेवढं ऐक, मग पुसायचं तर पूस.

आई