समाज कोणता, याचा खुलासा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार

ती. बन्सीमामांस,

सोमनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पाय मागं घेऊ नका, मी दुरूनच ठेवलंय.) मामींचा गुडघा आता कसा आहे? तांबडी गाय व्याली का? इकडं आईची तब्येत ठीक आहे. फक्त रविवारपासून माझ्या ताटात भाजी वाढताना ती पळी जरा जोरात आपटते, त्यावरून तुमचं-तिचं बोलणं झालेलं दिसतं. तुम्ही माझा फोन उचलत नाही, मेसेज उघडत नाही, म्हणून गारखेड्याहून शेंद्र्याला टपालानं पत्र पाठवतोय. पाकीट घ्यायला गेलो तर पोस्टातल्या बाईंनी दोनदा विचारलं, आपलं इथलंच शेंद्रा ना, म्हणून.

रविवारी आपल्या समाज मंडळाच्या सभागृहात जे झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण त्याच्या आधी काय झालं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ते आधी ऐका, मग काय रागवायचं ते रागवा.

आमची कंपनी म्हणजे सरिता मॅडम, ज्ञानेश्वरी आणि मी, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत. मॅडमनी उमेदीची वर्षं घालून एक सॉफ्टवेअर बनवलं. मराठीत पत्रं लिहायची, तक्ते करायचे, नावं अनुक्रमानं लावायची. तुमच्या शेंद्र्याच्या कारखान्यांत ते चालायचं. मग लोकांना फुकटातलं सापडलं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ऑफिसचं एक सॉफ्टवेअर बनवतात. कुणीही घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, सुधारावं. त्याच्यापुढं आम्ही कुठं टिकणार? एकेक गिऱ्हाईक गेलं. तेव्हा मॅडम म्हणाल्या, कुलपात कुजवण्यापेक्षा आपलं चांगलं काम त्यांनाच देऊन टाकू, आणि आपण तेच सॉफ्टवेअर लोकांकडं बसवून द्यायचा, शिकवायचा धंदा करू. मग आमचा कोड, म्हणजे ज्या ओळींवर सगळं चालतं त्या ओळी, आम्ही त्या मंडळींच्या हवाली केला. या मंडळींना कम्युनिटी म्हणतात. (मामा, सगळा घोटाळा या शब्दात आहे.)

मी जेवताना आईला म्हणालो, आमच्या कंपनीनं सगळं काम कम्युनिटीला दिलं. तिनं विचारलं, म्हणजे कुणाला? तोंडात घास होता, मी म्हणालो, समाजाला. तिनं हात धुवायच्या आत तुम्हाला फोन लावला. मग दुसऱ्या दिवशी तुमचा मला आला, "कोणत्या समाजाला रे?" मी तेव्हा क्रांती चौकात सिग्नलला, मागून सगळे हॉर्न वाजवतायत. मी ओरडलो, "सगळ्या, मामा! जगभरातल्या!" तुम्ही म्हणालात, "शाब्बास!" जगभरातला म्हणजे पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पसरलेला आपलाच समाज, असा अर्थ तुम्ही घ्याल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला कळलं ते आमच्या सत्काराचं बॅनर लागल्यावर. त्यावर अध्यक्ष म्हणून तुमचा फोटो मोठा, माझा मध्यम, आणि कोडचं चित्र कसं काढतात ते माहीत नसल्यानं बॅनरवाल्यानं मधोमध ट्रॅक्टर टाकलेला. मी लगेच खुलासा करायला फोन केला, पण तुम्ही आचाऱ्याशी बोलत होतात आणि मला म्हणालात, "काय ते स्टेजवर बोल."

आता ज्ञानेश्वरीचं. त्या कोडातलं सगळ्यात मोलाचं काम तिचं. मराठी नावं ओळीनं लावायला सांगितली की कॉम्प्युटर ज्ञ ला ज च्या पोटात घालतो. आपण शाळेत काय म्हणायचो? ह, ळ, क्ष, ज्ञ. ज्ञ शेवटी. तिनं कॉम्प्युटरला तसं शिकवलं होतं. पण कम्युनिटीला काही दिलं म्हणजे ती घेतेच असं नाही. ते एकेक ओळ तपासतात, सगळ्यांदेखत शंका काढतात. लखनौच्या एका गृहस्थांनी लिहिलं, हे चूक आहे, ज्ञ हा ज पासूनच झाला, त्याची जागा ज मध्येच. (व्याकरणानं त्यांचं खोटं नव्हतं, हे आणखी वाईट.) तिनं पुस्तकांचे दाखले दिले, त्यांनी उलटे दिले. असं कितीतरी दिवस. तिचा डबा तसाच परत जायला लागला. एकदा मला म्हणाली, "सोमनाथ, ते नाय म्हणाले तर मॅडमचं सगळंच वाया जाईल का रे?" मी म्हणालो, नाही जाणार. मला काय माहीत होतं, मामा? मी तर तिथं बिलं आणि पत्रव्यवहार बघतो.

शेवटी तिनं दाखले देणं सोडलं आणि घरचंच लिहिलं. तिचे वडील, सूर्यभानकाका, मेंढरं राखायचे. पोरगी शाळेतून आली की तिच्याबरोबर तेही मुळाक्षरं म्हणायचे, कळपामागं चालता चालता, मोठ्यानं. मधेच ती कंटाळली की म्हणायचे, "ज्ञ येईस्तोवर थांबायचं नाय." त्यांच्या घरात अक्षर ओळखणारी पहिली दोन माणसं म्हणजे ही बाप-लेक. तिनं लिहिलं, आमच्या भाषेत हे अक्षर कुठं उभं राहतं ते आम्ही असं शिकलोय. त्यावर फिनलंडच्या एका माणसाचं उत्तर आलं, की त्यांच्याही भाषेत काही अक्षरं अगदी शेवटी येतात, आणि परक्या याद्यांत ती मधेच कुठंतरी कोंबलेली दिसली की त्याला बरं वाटत नाही. मग लखनौच्याच गृहस्थांनी तोड काढली: जो मराठी निवडेल त्याच्यासाठी मराठी क्रम, हिंदीवाल्यांसाठी हिंदी. झालं, काम घेतलं गेलं. त्यांनी खाली लिहिलं, बधाई हो बहन. ज्ञानेश्वरी गॅलरीत जाऊन भिंतीकडं तोंड करून रडली. मी पाणी नेऊन दिलं. खाली गिरणी चालू होती, त्यामुळं मला काही बोलावं लागलं नाही.

आणि मग रविवार. तुम्ही माईकवरून मॅडमना विचारलंत, "ताई, आपलं माहेर कुठलं?" त्यांनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि हॉलभर कुजबुज सुरू झाली. मग ज्ञानेश्वरी वडिलांना घेऊन वर आली. सचिवांनी तुमच्या कानात सांगितलं, पण कान माईकजवळ होता, त्यामुळं मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं: "अध्यक्ष, हे आपल्यातले नायत." तुम्ही शाल उघडून तसेच उभे. मी माईक घेतला आणि खुलासा करायला गेलो. त्या समाजाचा अध्यक्ष कोण, लोकांनी विचारलं. म्हणालो, एक असा कुणी नाही. वर्गणी? नाही. सभासद कोण होऊ शकतो? कुणीही. मागून एक आजोबा म्हणाले, "मग त्यो समाज कसला, बसस्टँड हाय."

तेवढ्यात सूर्यभानकाका पुढं झाले आणि तुम्हाला म्हणाले, "शाल ऱ्हाऊ द्या पाव्हणं. आमच्याकडं लोकर लई हाय."

हॉल हसला. मामा, तुम्हाला वाटलं तुम्हाला हसले. तुम्ही ती शाल स्वतःच्याच खांद्यावर टाकून गाडीला किक मारलीत. पण काका बोलले ते तुमचा हात खाली यावा म्हणून. तुम्ही गेल्यावर ते मला म्हणाले, "तुझा मामा माणूस बरा हाय, उगं पंचाईत झाली त्यांची." मग सचिवांनीच त्यांना हाताला धरून पंगतीत नेलं. तुमची वाट बघून सगळे जेवले. तुमच्या नावाचं पान वाढून ठेवलं होतं, ते कुणी उचललं नाही.

तर राग सोडा. कुणाचा अपमान करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. माझं दुसरं काही मागणं नाही. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
सोमनाथ

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं, पण एक आहे. मी आणि ज्ञानेश्वरीनं लग्न करायचं ठरवलं आहे. आईला सांगायची माझी छाती होत नाही, आणि ती ऐकते फक्त तुमचं. पोरगी कोणत्या समाजातली, हे ती पहिल्यांदा विचारेल. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी खुलासे करणं सोडलंय.

आणखी एक ता. क. शुद्धलेखनासाठी पत्र ज्ञानेश्वरीला दाखवलं. तिनं काही ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि "ठरवलं आहे" खाली रेघ मारून विचारलं, "कुणी?" तिचं बरोबर आहे, तिला विचारायचं राहिलंच होतं. आत्ता विचारलं. म्हणाली, विचार करून सांगते. मी म्हणालो, मग तेवढं खोडून टाकतो. म्हणाली, "खोडू नको. ऱ्हाऊ दे." तेव्हा मामा, आईला एवढ्यात काही बोलू नका, पण तयारीत राहा.