सातवं कलम

मंगळवार, ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या पाळणाघरातली सहाही पिल्लं आत्ता झोपली आहेत, म्हणून घाईने लिहिते. आज सकाळी भिंगरीच्या आईने, लेकीला सोडताना, माझा हात धरून सांगितलं की तिचा नवरा घर सोडून गेलाय आणि लेकीला घेऊन लांब आपल्या बहिणीकडे जायची भाषा करतोय. तो आला तर काही झालं तरी पोर देऊ नका, म्हणाली. मी हो म्हणून बसले.

मग तू लिहून दिलेला करारनामा कपाटातून काढून वाचला. आई-बापांपैकी कोणीही, केव्हाही मागेल तर मूल त्याच क्षणी ताब्यात द्यावं, असं सातवं कलम सांगतं. बदल करायचा तर दोघांच्या सह्या हव्यात. त्याची सही आता कुठून आणू? माणूस वाईट नाही गं. रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसून लेकीच्या बुटांचे बंद बांधायचा. इकडे आड, तिकडे विहीर झालंय. लगेच कळव.

तुझ्या मायेच्या जोरावर उभी असलेली,
धाकटी

शनिवार, ८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हो म्हणायची तुला भारी घाई! तोंडी बोलण्यावर पाळणाघर चालवू नकोस म्हणून तर मी करार लिहून दिला. तिला कोर्टाचा कागद आणायला सांग. तो नसेल तर बाप आला की पोर द्यायची, विषय संपला. नवरा-बायकोच्या भांडणात पडलीस तर ते दोघं उद्या एक होतील आणि तुझा परवाना जाईल. भावोजी गेल्यापासून तुझं घर त्यावरच चालतं, हे विसरू नकोस. आणि पिल्लांना भरवता भरवता स्वतःही दोन घास खात जा.

कडक लिहिलं तरी माया तीच आहे.
तुझी ताई

शुक्रवार, १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी चारला तो आला, खांद्यावर मोठी बॅग घेऊन. करारनामा टेबलावर ठेवला आणि सातव्या कलमावर बोट टेकवलं. भिंगरी आत झोपली होती. तिच्या आईला मी तीनदा फोन केला, पण ती दवाखान्यात कामावर, उचलेना. कोर्टाचा कागद अजून तिच्या हातात आलेला नाही. तुझं पत्र मला पाठ होतं. तरी मी आतल्या दाराला पाठ लावून उभी राहिले आणि आई आल्याशिवाय पोर मिळणार नाही म्हणून सांगितलं. त्याने आधी आवाज चढवला, मग रडला. स्वतःच्या लेकीसाठी मला परक्यापुढे हात जोडावे लागतात, म्हणाला. ताई, मलाही रडू आलं, पण हलले नाही. शेवटी तक्रार करतो म्हणून गेला.

आज सकाळी परवाना देणाऱ्या कचेरीतले साहेब आले. पाळणाघर बंद केलं. चोवीस तारखेला, सोमवारी, सुनावणी आहे. स्वतःचाच करार का मोडला, एवढंच त्यांना विचारायचंय. आज त्याचा मोडलात, उद्या आमचा मोडाल, असं दोन पालकही ऐकवून गेले. मी काय उत्तर देऊ?

रागावली असशील, तरी पत्र लिहिणं सोडू नकोस.
तुझी धाकटी

मंगळवार, १८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावले नाही. लाज वाटते आहे. ते कलम मी डोकं चालवून लिहिलेलं नाही. ज्या गोदामाच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढली, तिथल्या पावतीवरून उचललं. दोन भागीदारांनी पोती ठेवली तर कोणीही एकाने मागताच ती द्यावीत, असं त्यावर छापलेलं असतं. पोत्यांच्या जागी मी मूल घातलं आणि मोठ्या तोऱ्यात तुला पाठवलं.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं होतं. तरीही पोर दे असं लिहिलं, कारण चूक कबूल करायला जीभ रेटेना. ती चिमुरडी आज कुठे असती, या विचाराने घास उतरत नाही.

रविवारी येते, पावती घेऊन. सुनावणीत मीच बोलेन. परवाना राहील की जाईल, सांगता येत नाही. धाकटी माझं कधी ऐकत नाही, हे गाऱ्हाणं मी लहानपणापासून घरीदारी घालत आले. साहेबांपुढेही तेच घालणार आहे, पण या वेळी मान ताठ ठेवून.

माझ्यावरची माया या चुकीपायी आटू देऊ नकोस.
तुझी ताई