भिंत ढकलणारे

दोहा, ३ नोव्हेंबर १९७९

ती. केसरअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं खुशाल, फक्त माझी उजवी टाच सोडून. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखी कळ थेट मस्तकात जाते. क्रेनची एकशे दहा पायऱ्यांची शिडी चढवेना, म्हणून साहेबाने मला खाली सिमेंटच्या गोदामात बसवलंय. एक मार्चला चढून दाखवायचं, नाहीतर खलास, घरी रवानगी. सात वर्षं मदतनीस म्हणून राबलो तेव्हा कुठे क्रेन हातात आली. ती अशी सोडू का गं? कंपनीचा डॉक्टर इंजेक्शन देतो म्हणतो. खोलीतला जाफर म्हणतो ऑपरेशनच कर, अबूबकर म्हणतो तापलेल्या विटेचा शेक घे. तू नर्स आहेस, काय ते एकदाचं सांग.

गोदामात बसलेला,
शहाजी

मेढा, २१ नोव्हेंबर १९७९

चि. शहाजीस अनेक आशीर्वाद.

तुला लहानपणापासून घाई फार. ऐक. विटेने तासभर बरं वाटेल, बाकी काही नाही. इंजेक्शनने कळ लवकर थांबते, पण बऱ्याचदा महिना-दोन महिन्यांनी परत येते, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर तळव्याचा पडदा फाटायची भीती. ऑपरेशन अगदी शेवटी, वर्षभर कशाचाच गुण आला नाही तर. खरा उपाय कंटाळवाणा आहे. उठलास की अंथरुणातच टॉवेलने पायाची बोटं आपल्याकडे ओढ, मगच पाय खाली ठेव. दिवसातून तीनदा भिंतीला दोन्ही हात टेकून उभा राहा, दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला, आणि भिंत ढकल. जाड तळव्याचे बूट घाल. दोन-तीन महिने धीर धर. हे मी सिव्हिलच्या हाडाच्या डॉक्टरांना विचारलं होतं. कुणासाठी, ते तुला काय करायचंय?

तुझी
केसरअक्का

दोहा, १८ डिसेंबर १९७९

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या एरोग्रामची चिकटवलेली घडी सुरीने उघडताना मधल्या दोन ओळी कापल्या गेल्या. ‘तीनदा भिंतीला’ आणि ‘टेकून उभा’ एवढंच हाती लागलं. म्हणून रोज तीनदा भिंतीला पाठ टेकून उभा राहतो. जाफर विचारतो, फोटो काढायचाय का? टॉवेल ओढतो, बूटही घेतले, पण टाच जिथल्या तिथे. जानेवारी संपेपर्यंत बघतो, नाहीतर सरळ सुई टोचून घेतो. रागावू नकोस.

अजून गोदामातच,
शहाजी

मेढा, १ जानेवारी १९८०

चि. शहाजीस आशीर्वाद.

अरे माझ्या कर्मा! पाठ नव्हे, हात! भिंत ढकलायची, तिला पाठ लावून आराम नाही करायचा! खाली चित्र काढलंय, ते तरी कापू नकोस. सुई घेऊन तू मार्चमध्ये चढशीलही, पण एप्रिलमध्ये अर्ध्या शिडीवर कळ आली तर? माझा जीव नुसता खालीवर होतो. अजून दोन महिने आहेत. ढकल.

तुझी
केसरअक्का

दोहा, २ मार्च १९८०

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझं सांगतो, मग माझं. गावी निघालेल्या माणसाबरोबर तुझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट पाठवलेत. उठल्यावर पहिलं पाऊल टाकायच्या आधी काय करायचं, ते ज्याची टाच दुखली नाही त्याला कुठून कळणार? वाडी-वस्ती पायी फिरतेस आणि आम्हाला चकार शब्द लिहीत नाहीस. लबाड कुठली! लुगड्याखाली बूट बघून लोक हसले तर हसू देत.

आता माझं. तुझं चित्र भिंतीला चिकटवलं आणि लागलो ढकलायला. पहिल्या महिन्यात काडीचा फरक नाही. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी तसाच उठून नळापर्यंत गेलो आणि मग लक्षात आलं, कळ आलीच नाही! सुई नाही, काही नाही. काल साहेब घड्याळ घेऊन उभा. चढलो, अक्का! एकशे दहाच्या एकशे दहा, मध्ये एकदाही थांबलो नाही. केबिनमध्ये बसलो तेव्हा डोळ्यांना धार लागली, खोटं कशाला सांगू. खाली बघतो तर जाफर आणि अबूबकर, धडधाकट टाचांचे, एक पाय मागे ताठ ठेवून दोन्ही हातांनी क्रेनचा खांब ढकलत उभे, आणि साहेब त्यांच्याकडे बघतच राहिला होता.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि आता तूही भिंत ढकल.

क्रेनवरून,
तुझा शहाजी