डावा स्पीकर

२ जानेवारी, सकाळी ९

निवृत्त होऊन दोन दिवस झाले. संकल्प एकच. महिन्याभरात उत्तम स्टिरिओ सिस्टिम उभी करायची आणि हिच्या माहेरून आलेल्या एकशे बारा रेकॉर्डी पुन्हा वाजवायच्या. जुना प्लेअर बंद पडला तेव्हा लेक शाळेत होती. आता ती दुसऱ्या शहरात संसार करते. तेव्हापासून हिला सांगत आलोय, रिटायर झालो की रोज संध्याकाळी सोफ्यावर दोघं बसू आणि ऐकू. मी शब्द पाळणारा माणूस आहे. थोडा उशिरा पाळतो, इतकंच.

महिनाभर कशाला, साधा प्लेअर आणला तर उद्याच ऐकता येईल, असं ही म्हणाली. हसलो. तेहेतीस वर्षं फॅक्टरीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकून भाग बनवतात तिथे, इन्स्पेक्टर होतो. साधा माल मी पास करत नाही.

१९ जानेवारी

टर्नटेबल आलं. अ‍ॅम्प्लिफायर आला. स्पीकर पुढच्या आठवड्यात. टर्नटेबलला भक्कम जागा लागते, म्हणून खिडकीजवळचं हिचं शिलाई मशीन आतल्या खोलीत हलवलं. तिथे उजेड नाही अशी तिची तक्रार. दिवा लावता येतो, असं मी सुचवलं. पुढे काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी

पहिली रेकॉर्ड. ही हातातलं काम टाकून आली, सोफ्यावर माझ्या डावीकडे, नेहमीच्या जागी बसली. आणि काय सांगू. डावा स्पीकर मेलेला. वाजतो, पण जेमतेम. पहिल्याच कडव्याला सुई उचलली.

चांगलं वाजतंय की, असं ही म्हणाली. तिचा कान तयार नाही हे शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. उठून आत गेली.

निर्णय: दोष सापडेपर्यंत हिच्या रेकॉर्डींना कोणी हात लावायचा नाही. दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

९ फेब्रुवारी

दोष शोधायची माझी पद्धत फॅक्टरीत प्रसिद्ध होती. डाव्या-उजव्या भागांची अदलाबदल करायची. भागाबरोबर दोषही दुसऱ्या बाजूला गेला, तर भाग रिजेक्ट. नाही गेला, तर भाग पास, पुढचा घ्या.

स्पीकर बदलले. तरी डावीकडूनच कमी. पास. वायरी बदलल्या. डावीकडूनच. सुईमागच्या चार केसाएवढ्या तारा चिमट्याने काढून उलट्या लावल्या, दोन तास श्वास रोखून. डावीकडूनच. सगळा माल पास होतोय आणि दोष कायम. असं तेहेतीस वर्षांत झालं नव्हतं.

चाचण्यांचा तक्ता भिंतीवर लावला. त्या जागी आपला लग्नाचा फोटो होता, याची हिने आठवण करून दिली. फोटो सुखरूप आहे. ड्रॉवरमध्ये.

२१ फेब्रुवारी

हिने अबोला धरलाय. आज चौथा दिवस. समोरून येते-जाते, ओठ हलतात, पण ते स्वतःशीच पुटपुटणं. मग थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहते. रुसव्याचं कारण विचारलं की रुसवा वाढतो, म्हणून मी मान डोलावतो आणि हं म्हणतो. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढं तरी शिकलो.

शेजारीण आली होती, टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून. हल्ली भिंती फार पातळ बांधतात.

५ मार्च, दुपारी

बाहेरून आलो तर हिने परस्पर रेकॉर्ड लावलेली. तिच्या वडिलांची आवडती. डोळे मिटून बसली होती, गुडघ्यावर बोटांनी ताल धरून. मी आत आलेलं कळलंसुद्धा नाही. क्षणभर वाटलं, बसावं शेजारी. पण रेकॉर्ड ब्रशने पुसलेली नव्हती. अशाने खाचेत धूळ कायमची बसते.

सुई उचलली आणि नीट समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. मला तरी तसं वाटतं. तिने रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट कपाटात ठेवलं आणि कितीतरी वेळ आतल्या खोलीत अंधारात बसून राहिली. दिवा लाव म्हणून सांगून आलो.

१२ मार्च

रेडिओ दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पिकलेला माणूस. तक्ता वाचला, सिस्टिमला हात न लावता म्हणाला, खुर्ची उलटी करून पाठमोरे बसा. बसलो. आता कुठून कमी येतं, त्याने विचारलं. डावीकडूनच, म्हणालो. पण आता माझ्या डावीकडे उजवा स्पीकर होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, साहेब, आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या. पैसेही घेतले नाहीत.

काम येत नसलं की माणसं असं काहीतरी सांगून सुटका करून घेतात. शिवाय एका चाचणीवरून निष्कर्ष काढायचा नसतो.

१५ मार्च

दोष सापडला. हिचं कपड्यांचं कपाट. डाव्या भिंतीला आहे, आणि कपडे आवाज शोषून घेतात. एकट्याने ओढत आत नेलं. वाटलं होतं त्यापेक्षा खूपच हलकं निघालं. अंगात अजून जोर आहे म्हणायचा.

फरक: थोडा असावा.

२० मार्च, संध्याकाळी

अबोला सुटला. मी टर्नटेबलची लेव्हल बघत होतो, तेव्हा ही डाव्या बाजूला येऊन बसली आणि बराच वेळ बोलली. शांतपणे. हातचं काम सोडता येत नव्हतं, त्यामुळे शब्द काही नीट लागले नाहीत, पण मी तीनदा मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. समेट झाला की तिला रडू येतं. रविवारी शंभर टक्के रेकॉर्ड लावणार.

२२ मार्च, रविवार

सकाळी उठलो तर ही घरात नाही. बॅग नाही. कपाटात माझे जुने कोट तेवढे.

लेकीचा फोन आला. ओरडून बोलत होती. आई तिच्याकडे पोचली, आता तिथेच राहणार. म्हणाली, बाबा, तिने तुम्हाला तीनदा विचारलं. मी गेले तर चालेल का, विचारलं, तुम्ही मान डोलावली. मी नसले तर तुम्हाला काही फरक पडणार नाही ना, तर पुन्हा डोलावली. मग जाऊ ना, असं शेवटचं विचारलं. महिनाभर ती बोलत होती आणि तुम्ही नुसतं हं.

मला वाटलं होतं, तीच बोलत नाही.

२७ मार्च

कानाची डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. बराच वेळ काही आलंच नाही. यंत्र बंद आहे का, असं विचारायला मान वर केली, तर काचेपलीकडे ती कागदावर खुणा करत होती.

डावा कान जवळजवळ गेलेला. उजव्याचे बारीक आवाज गेलेले. बायकांचे मऊ आवाज आधी जातात, असं तिने कागदावर लिहून दाखवलं. प्रेस माझ्या डाव्या हाताला असायची. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, पण डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, झिजली की ठोक्याचा आवाज बदलतो, आणि तो ऐकून माल थांबवणारा मी एकटा होतो. बोळे कधी घातले नाहीत. त्याचा फार अभिमान होता.

सिस्टिममध्ये दोष नाही. पहिल्या दिवसापासून नव्हता. घरी येऊन तक्ता काढला आणि सोफ्यावर बसून रडलो.

४ एप्रिल, सकाळी ११

कानाचं यंत्र तयार व्हायला अजून पंधरा दिवस. तेवढा धीर नव्हता. फोन लावला. उजव्या कानाला घट्ट धरला. हिनेच उचलला. सांगितलं, मला ऐकू येत नाही गं. किती दिवस झाले, माहीत नाही. तू बोलत होतीस ते कळलंच नाही मला. कळलं असतं तर नको जाऊस म्हणालो असतो.

मग ती बोलली. पाच-सहा शब्द असतील. मान डोलावली नाही. हं म्हणालो नाही. लागलं नाही, परत सांग, म्हणालो. तिने परत सांगितलं. अजून एकदा, म्हणालो.

मग लेकीचा आवाज आला, मोठ्याने. आई म्हणतेय, काही विशेष नव्हतं, राहू दे.