नेवेनाच्या नावाचा पतंग

३ नोव्हेंबर १९८७
सोफियाहून पत्र. बाबांनी एकोणतीस वर्षांपूर्वी शोधलेला पतंग पुन्हा कुणालाच सापडला नाही. नमुना एकच, आमच्या कपाटात. घुबडी पतंगांच्या या कुळात नुसत्या पंखांवरून जात ठरत नाही. पोट वेगळं करून, उकळून, आतले जननावयव पाहावे लागतात. बाबांनी तेव्हा पाहिले नव्हते — एकुलता एक, मोडायचा नाही म्हणून. आता मी पाहावेत. जात खरी नसली तर यादीतून नाव काढतील.

नाव आईचं आहे.

५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, बाबांचे पंधरा दिवस. फार तर.

स्तामेनकाका बिहीचा मुरंबा घेऊन आले. बाबांचे शाळेपासूनचे मित्र. तोंडाला लगाम नाही. ‘लोक बायकोला अंगठी देतात, ल्युबेन. तू किडा दिलास. तोही मातकट.’

‘राखाडी,’ बाबा म्हणाले. दिवसभरात तेवढंच.

६ नोव्हेंबर
पत्राचं सांगितलं. म्हणाले, मोड.

८ नोव्हेंबर
पतंग भिंगाखाली धरला. धड आणि पोट जुळतं तिथे चकचकीत कड. गोंद!

वाळलेल्या पतंगांची पोटं गळतात. आम्ही सगळेच ती चिकटवतो. पेटीत दोन गळलेली असली की एखाद्याला दुसऱ्याचं लागतं. माझ्या हातूनही झालंय.

तरी उकळलं, पाहिलं. पंख एका जातीचे, पोट दुसऱ्या जातीचं. दोन्ही आमच्या कोबीवर शेकड्यांनी. आईच्या नावाचा पतंग कधी नव्हताच.

९ नोव्हेंबर
सोफियाला खरं ते लिहिलं. पाकीट टेबलावरच आहे.

११ नोव्हेंबर
बाबांनी विचारलं, काय निघालं. जात खरी आहे, मी म्हणाले, शंकाच नको. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. दही खाल्लं नाही.

१२ नोव्हेंबर
सकाळी म्हणाले, ‘गोंद दिसला नाही तुला?’

दिसला, मी म्हणाले.

‘मुद्दाम लावला होता. तेव्हा तुझी आई आजारी, मार्चपुढे जगणार नव्हती. तिला छापलेलं नाव दाखवायचं होतं.’ धाप लागली. मग — ‘मरणाऱ्याला कळतं, पोरी. तिलाही कळलं असणार. पत्र टाकून ये.’