काळूराम रोडलाइन्स ढगात

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी. उरणमधली पहिली ट्रान्सपोर्ट कंपनी क्लाउडवर कुणी नेली हे उद्या मीच विसरलो तर काय घ्या.

कारण विनिता. काकाच्या ऑफिसात बिलं तीच करते. कुठला कंटेनर कुठल्या पार्टीचा, कुठल्या ट्रेलरवर गेला, सगळं तिला पाठ. लग्न झालं, नवऱ्याचं, निकेतचं, हार्डवेअरचं दुकान चार तासांवर बोर्ली पंचतनला, आता ती कायमची तिकडे. नोकरी सोडायची नाही म्हणते. सासूचं म्हणणं, घरून जमत असेल तर कर, नाहीतर दुकानात बसून खिळे मोज. शनिवारी निघताना विनिता ऑफिसात रडली. मी म्हटलं, रडू नकोस, मी आहे ना. तर आणखीनच रडली.

काकाने मुदत दिलीय. दसऱ्याला मुहूर्ताचं बिल सूर्य बुडायच्या आत बोर्लीतून निघालं तर विनिताच राहील. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तिच्या खुर्चीत धनेश. धनेश हा काकीच्या बहिणीचा मुलगा. त्याला बिल आणि पावती यांतला फरक कळत नाही, पण रोज येतो आणि त्या खुर्चीकडे बघत बसतो.

प्लॅन सोपा. बिलांचं सॉफ्टवेअर आमच्या एकाच जुन्या पीसीवर आहे. ते मी क्लाउडमधल्या सर्व्हरवर टाकणार. सॉफ्टवेअर तिकडे चालणार, विनिताला बोर्लीत लॅपटॉपवर त्याचं नुसतं चित्र दिसणार, पण तिने बटण दाबलं की खरं काम होणार. याला ॲप्लिकेशन स्ट्रीमिंग म्हणतात. दोन दिवसांचं काम.

एक किरकोळ गोष्ट. या सॉफ्टवेअरला पीसीच्या मागे बोटाएवढी लाल डोंगल लावलेली लागते. ती नसेल तर ते उघडतच नाही. बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेले, दुसरी मिळायची नाही. सर्व्हरने इंटरनेटवरून आमच्या पीसीतली डोंगल बघायची, एवढी सोय केली की झालं. किरकोळच.

संकल्प: रोज सहाला उठणे. क्लाउडचा ऑनलाइन कोर्स पूर्ण करणे.

९ सप्टेंबर, मंगळवार.
साडेआठला उठलो. पहिला दिवस.

जेवताना सगुणाकाकीला सांगितलं की काळूराम रोडलाइन्स आता ढगात नेतोय. काकीचा भात वाढता हात तसाच राहिला. म्हणाली, पितृपक्ष लागलाय, आणि ढगात कोण जातं ते तुला कळतं का रे मेल्या. कंपनीला काकाचं नाव आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकाने भाकरी अर्धी ठेवली.

घटस्थापनेपर्यंत नवीन कामाला बंदी. वाईट वाटायला हवं होतं. पण तोवर प्लॅनिंग होईल, आणि प्लॅनिंग म्हणजे निम्मं काम.

१५ सप्टेंबर, सोमवार.
प्लॅनिंग जोरात. टेबलावर ठेवायला पाटी करून आणली. 'प्रज्योत घरत, क्लाउड आर्किटेक्ट'. काळ्यावर सोनेरी. ड्रायव्हर कमलेशने वाचली आणि विचारलं, माझ्या न्हाणीचा नकाशा काढून देशील का. लोकांना माहिती नसते. रागावून उपयोग नाही.

कोर्सचा पहिला व्हिडिओ बघितला. त्यात सर स्वतःची ओळख करून देतात. सगळं समजलं. दुसरा उद्या.

विनिताचा फोन. दादा, सुरू झालं का? म्हटलं, पाटी आली. तिने फोन ठेवला. भारावली असावी.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
काकीने लॅपटॉपपुढे नारळ ठेवला. मी सर्व्हर चालू केला. कुठल्या देशात ठेवायचा ते विचारत होतं, मोठी यादी होती. सगळ्यात वर अमेरिका. तीच निवडली. इंपोर्टेड ते इंपोर्टेड.

मग लॅपटॉप घेऊन यार्डात गेलो, कमलेशच्या ट्रेलरच्या केबिनमध्ये बसलो आणि तिथून सॉफ्टवेअर उघडलं. उघडलं! म्हणजे रिमोट झालं. कमलेशला जेएनपीटी बंदरात जायचं होतं, तो खाली उभा राहून हॉर्न मार म्हणून क्लीनरला सांगत होता. इतिहास घडताना अशा अडचणी येतात.

दोन दिवसांचं काम एका सकाळीत. उद्या सहाला उठायची गरज नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार.
विनिताने बोर्लीतून लॉगिन केलं. ती म्हणाली, मी अक्षर दाबते ते बऱ्याच वेळाने उमटतं. एक कंटेनर नंबर टाकून तिने कुकर लावला, परत आली तर शेवटचे दोन आकडे यायचे होते. मी म्हटलं, धीर धर, नवीन आहे.

निदान: बोर्लीची खारी हवा. वायरींना बाधते.

२४ सप्टेंबर, बुधवार.
काकाने विचारलं, ती मशीन ठेवलीय कुठं? अभिमानाने सांगितलं, अमेरिकेत. काकाने चहाची बशी खाली ठेवली. म्हणाला, उरणचा माल बोर्लीला न्यायचा, आन् तू तो अमेरिकेला फिरवून आनतंस? कनाला? तीस वर्षं कंटेनर वाहतोय, असा रूट कोनी दिला नाय मना.

ऑफिसातली सगळी हसली. धनेश तर जास्तच.

दुपारी सर्व्हर मुंबईला आणला. यादीत मुंबई होती हे मला आधीपासून माहीत होतं. आधी लांबून करून बघावं, मग जवळून, असा माझा विचार होता.

२७ सप्टेंबर, शनिवार.
झालं! आज खरंच झालं. विनिताने बोर्लीत बसून एक चाचणीचं बिल भरलं आणि इथे उरणला आमचा प्रिंटर घरघरायला लागला. कागद बाहेर आला. काकाने तो उजेडात धरून बघितला, उलटा करून बघितला, आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. फोनवर विनिता हसत होती. मागून तिची सासू विचारत होती, असाच आपल्या दुकानाचा बोर्ड येईल का.

मला फार आनंद झाला. हे लिहायला लाज वाटत नाही. आल्यापासून आज पहिल्यांदा धनेशने त्या खुर्चीकडे पाठ केली.

नवरात्र म्हणून घरात बोंबील नाहीत, काकीने साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढली. माझ्यासाठी तो सत्कारच.

कोर्सचा दुसरा व्हिडिओ आता कशाला? जे येतं ते पुन्हा शिकायचं नसतं. पुढे उरणातल्या सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना सल्ला द्यायचा विचार आहे. पाटीवर खाली मोबाइल नंबर टाकायला हवा होता.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
आज हत्यारांची पूजा. यार्डात ट्रेलर धुऊन ओळीने उभे, बोनेटवर झेंडूच्या माळा. ऑफिसात पाटावर लाल कापड घातलं आणि ज्याने त्याने आपलं हत्यार आणून ठेवलं. काकाने सगळ्या गाड्यांच्या चाव्या. कमलेशने जॅक आणि पाने. फिटरने हातोडा. धनेशनेही कुठून तरी कॅलक्युलेटर आणून ठेवला, आगाऊ.

काकीने मला विचारलं, तुझं काय? मी म्हटलं, माझं काम क्लाउडमधलं, त्याला हत्यार नसतं. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की याला काही कामच नाही. जिवाला लागलं. तेवढ्यात सुचलं. पीसीच्या मागची लाल डोंगल काढली आणि चाव्यांच्या शेजारी ठेवली. काकीने तिला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची पाकळी. काका पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान हलवून गेला.

उद्या संध्याकाळी काकी नारळ वाढवेल, तोवर पाटावरचं काहीही उचलायचं नाही. गाड्याही तोवर उभ्या. आमच्याकडे हे कडक. छान वाटलं. परंपरा आणि तंत्रज्ञान एका पाटावर.

उद्या मुहूर्ताचं बिल. तयारी पूर्ण. काही राहिलेलं नाही, दोनदा तपासलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळी १०.
विनिताने आंघोळ करून, नवी साडी नेसून लॉगिन केलं. स्क्रीनवर आलं: 'परवाना सापडत नाही'. ती घाबरली. मी अजिबात नाही. सणाचा दिवस, सगळा देश इंटरनेटवर, सर्व्हरवर ताण असणार. रीस्टार्ट.

११.१५.
परवाना सापडत नाही. सर्व्हर मोठा केला. आता त्याच्यावर अख्ख्या जेएनपीटीचं बिलिंग होईल.

१२.३०.
मोठ्या सर्व्हरवरही परवाना सापडत नाही, फक्त जास्त लवकर सापडत नाही. विनिताचा पासवर्ड बदलला. माझा बदलला. विंडोजचा परवाना पुन्हा टाकला.

२.००.
सर्व्हरवाल्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पोरगा सज्जन होता. त्याने विचारलं, सर, तुमच्या सॉफ्टवेअरला एखादं हार्डवेअर लागतं का? मी हसलो. म्हटलं, बाबा रे, हे क्लाउड आहे, इथे हार्डवेअर कसलं, आणि हार्डवेअरचं दुकान आमच्याकडे बोर्लीला आहे. तोही हसला. मग म्हणाला, तक्रार नोंदवून ठेवतो.

३.४५.
सर्व्हर पाडून पहिल्यापासून उभा केला. परवाना सापडत नाही. धनेश नवा शर्ट घालून आला आणि विनिताच्या खुर्चीत बसला. म्हणाला, नुसती उंची बघतोय.

विनिताला फोन केला. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, असू दे दादा, तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी. मी खूप केलंय हे खरंच आहे, पण तिने म्हटल्यावर ते कमी वाटायला लागलं.

५.३०.
काकीने नारळ वाढवला. ज्याचं हत्यार त्याच्या हातात दिलं. ड्रायव्हर चाव्या घेऊन यार्डात पळाले, एकामागून एक ट्रेलर सुरू झाले. माझ्या हातात डोंगल आली, कुंकवाने भरलेली. खिशात ठेवली असती तर सदरा खराब झाला असता, म्हणून पीसीला लावून टाकली.

आणि त्याच क्षणी माझा सातवा रीस्टार्ट लागू पडला! विनिता फोनवर किंचाळली. सॉफ्टवेअर उघडलं. बिल निघालं. प्रिंटरमधून कागद आला तेव्हा करंज्याच्या डोंगराच्या बाजूला ऊन अजून होतं. धनेश खुर्चीतून उठला. विनिता फोनवर रडत होती, पण हे वेगळं रडणं होतं. माझेही डोळे भरले. दिवसभर स्क्रीनकडे बघितलं की भरतात.

काका मात्र बिलाकडे बघत नव्हता. त्याने पीसीच्या मागे वाकून त्या डोंगलवरच्या कुंकवाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. विचारलं, ही हितं असल्याबिगर तिचं तिकडं चालत नाय? मी म्हटलं, काका, हे तांत्रिक आहे. काका म्हणाला, हं.

आपट्याचं पान देताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. कौतुक असणार.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
दहाला ऑफिसात आलो तर टेबलावर पीसी नाही.

कमलेश तो चादरीत गुंडाळून टेम्पोत ठेवत होता. डोंगल मागे लावलेलीच, वर चिकटपट्टी. प्रिंटरही. काका म्हणाला, गाडी विनिता चालवणार, मग चावी हितं ठेवून कसं चालंल? सगळाच तिच्याकडं जाऊदे. आपला टेम्पो हाय, रस्ता हाय.

मी खूप समजावलं. स्ट्रीमिंग म्हणजे काय, क्लाउड म्हणजे काय, भविष्य म्हणजे काय. काकाने सगळं ऐकून घेतलं आणि कमलेशला सांगितलं, माणगावच्या पुढं रस्ता खराब हाय, हळू ने.

काकीने सोबत विनिताच्या सासूसाठी पापड दिले.

७ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १.४५.
प्रोजेक्ट यशस्वी. नोंद करून ठेवतो.

विनिताची नोकरी राहिली. पीसी बोर्लीत दुकानाच्या मागच्या खोलीत बसलाय, बिलं वेळेवर निघतात आणि गाडीबरोबर इथे येतात. सासू आल्यागेल्याला सांगते की सुनेचं ऑफिस घरी आलंय. धनेश तळ्याला, मामाच्या गावी गेला. तिकडेही एखादी खुर्ची असेल.

आणि सर्व्हर चालूच आहे. उलट आता तो जास्तच लागतो, कारण उरणला कुणाला बिल बघायचं झालं तर सॉफ्टवेअर बोर्लीतून स्ट्रीम करण्यावाचून गत्यंतर नाही. सध्या असा रिमोट युजर एकच आहे. मी.

डोंगलवर एका वेळी एकालाच आत जाता येतं. आज सकाळी मी सहज बघायला म्हणून आत गेलो आणि विनिताचं अर्धं भरलेलं बिल उडालं. तिचा फोन आला. म्हणाली, दादा, राग मानू नका, पण विचारल्याशिवाय येत जाऊ नका. दोन ते अडीच मी जेवायला जाते, तेव्हा तुम्ही बघा. पासवर्ड बदललाय, जेवायला जाताना पाठवीन.

पीसी होता तिथे टेबलावर धूळ न बसलेला चौकोन राहिलाय. त्यावर माझी पाटी ठेवली. बरोबर मावली.

कोर्सचा दुसरा व्हिडिओ लावून बसलोय. पावणेदोनच झालेत अजून.